‘उद्या या’ हा नकारच असतो

“माझ्या धर्मात हे बसत नाही, म्हणून तुमचं काम मी करणार नाही,” असं पुण्यातल्या सरकारी खिडकीवर कुणी तोंडावर सांगत नाही. सांगतात ते असं: आईवडिलांना घेऊन या. आधार कार्डावर पत्ता लातूरचा आहे, तिकडेच नोटीस द्या. मुलगी मुलाच्या धर्मात आल्याचा दाखला जोडा. साहेब मीटिंगला गेलेत. सर्व्हर बंद आहे, उद्या या. यातलं शेवटचं वाक्य पुष्कळदा खरंही असतं, आणि म्हणूनच बाकीची वाक्यं त्याच्या आडोशाला सहज उभी राहतात.

धर्मश्रद्धा आणि नोकरीतलं काम एकमेकांच्या आड येणं ही खरी अडचण आहे. ती ज्याला येते त्याला ढोंगी ठरवून मोकळं होणं मला पटत नाही. पण ही अडचण वरिष्ठांना उघड सांगितली तर कार्यालय वाट काढू शकतं. कागदातल्या त्रुटीचं रूप देऊन ती दडवली, तर तिची सगळी किंमत खिडकीबाहेर उभा असलेला नागरिक मोजतो. हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते विशेष विवाह कायद्याच्या खिडकीवर, म्हणून सुरुवात तिथूनच.

१९५४ चा हा कायदा म्हणजे दोघांपैकी कुणीही धर्म न बदलता, कोणताही धर्मविधी न करता लग्न करण्याची सोय. बोलताना सगळे याला ‘कोर्ट मॅरेज’ म्हणतात आणि पहिली फसगत या नावातच होते. लोक शिवाजीनगर कोर्टाच्या आसपास चौकशी करतात, एखादा एजंट ‘एका दिवसात करून देतो’ म्हणतो आणि आळंदीला नेऊन वैदिक पद्धतीने लग्न लावून आणतो. ते लग्न हिंदू विवाह कायद्याखालचं. दोघंही हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असतील तर त्यात अडचण नाही. एक जण मुसलमान किंवा ख्रिस्ती असेल तर मात्र आधी धर्मांतर करावं लागतं, नाहीतर ते लग्न कायद्यापुढे टिकत नाही. विशेष विवाह कायद्याखाली लग्न लावण्यात कोर्टाचा संबंधच नाही. काम विवाह अधिकाऱ्याचं. हा अधिकारी नोंदणी व मुद्रांक विभागाचा, आणि त्या विभागाचं राज्याचं मुख्यालय कौन्सिल हॉलसमोरच्या नवीन प्रशासकीय इमारतीत आहे. म्हणजे तक्रार अगदी वरपर्यंत न्यायची झाली तरी पुणेकराला शहराबाहेर जावं लागत नाही.

आता कायदा काय मागतो ते नीट पाहू, कारण ‘त्रुटी’ खरी की बनावट हे ओळखायचा दुसरा मार्ग नाही.

कलम ५ नुसार, नोटीस देण्याआधी दोघांपैकी एकाचं सलग किमान ३० दिवस त्या जिल्ह्यात वास्तव्य हवं. दोघांचं नको, एकाचं पुरतं. आणि कायमचा पत्ता नव्हे, वास्तव्य. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या मुलीचं आधार कार्ड गावच्या पत्त्याचं असलं तरी ती पुण्यात नोटीस देऊ शकते. पुरावा म्हणून नोंदवलेला लिव्ह अँड लायसन्स करार सगळ्यात भक्कम. पीजीत राहणाऱ्यांचं इथेच अडतं, कारण तिथे करार नसतो आणि मालक काही लिहून द्यायला तयार नसतो. अशांनी आधी नोंदणीकृत करार करावा, त्यावरच्या तारखेपासून ३० दिवस मोजावेत आणि मगच नोटीस द्यावी. ही त्रुटी खरी असते. तिच्यासाठी कुणाशी भांडून उपयोग नाही.

नोटिशीचा नमुना कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. त्यात नाव, अविवाहित की विधुर की घटस्फोटित, व्यवसाय, वय, राहण्याचं ठिकाण, कायमचं ठिकाण आणि वास्तव्याचा काळ एवढंच विचारलंय. धर्माचा रकाना नाही. आईवडिलांच्या संमतीचा तर नाहीच. ‘दाखला जोडा’ म्हणणाऱ्या कर्मचाऱ्याला शांतपणे विचारा की हा दाखला नमुन्यातल्या कोणत्या रकान्यासाठी लागतो.

नोटीस आली की तिची नोंद विवाह नोटीस वहीत होते आणि प्रत कार्यालयात ठळक जागी लावली जाते. दोघांपैकी कुणी कायमचं दुसऱ्या जिल्ह्यातलं असेल तर एक प्रत तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते, आणि तोही ती आपल्या फलकावर लावतो. इथे नेहमीचा घोळ होतो. ‘लातूरहून उत्तर आलं नाही, ते आल्याशिवाय तारीख देता येत नाही’ असं सांगितलं जातं. कायद्यात त्या जिल्ह्याकडून ना-हरकत यावी अशी अटच नाही. कलम ७ सांगतं की ३० दिवस मोजायचे ते नोटीस स्वीकारणाऱ्या कार्यालयात ती लागली त्या दिवसापासून. दोघांच्या घरी नोटीस पाठवण्याचीही तरतूद नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये घरच्या पत्त्यावर नोटीस पाठवण्याची प्रथा बेकायदा ठरवली होती. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये त्याही पुढे जाऊन, जोडप्याची इच्छा नसेल तर नोटीस जाहीर करू नये, असं म्हटलं. तो निकाल महाराष्ट्रातल्या कार्यालयांवर बंधनकारक नाही. पुण्यात नोटीस लागणार हे धरूनच चालावं.

हरकत घ्यायला ३० दिवस असतात, पण ती कशावरही घेता येत नाही. कलम ४ मध्ये अटी आहेत तेवढ्याच: दोघांपैकी कुणाचा जोडीदार हयात नसावा, संमती देण्याइतकी मानसिक क्षमता असावी, मुलगा २१ आणि मुलगी १८ पूर्ण असावी, निषिद्ध नात्यातले नसावेत. ‘मुलीच्या वडिलांना मान्य नाही’, ‘समाजात तणाव होईल’ या हरकती नव्हेत. शिवाय हरकत वहीत लिहून घ्यायची, गरज असेल तर हरकत घेणाऱ्याला वाचून दाखवायची आणि त्यावर त्याची सही घ्यायची. फोनवरून आलेली धमकी म्हणजे हरकत नव्हे. चौकशीला ३० दिवसांपेक्षा जास्त लावता येत नाहीत, आणि हरकत अवाजवी व खोडसाळ निघाली तर ती घेणाऱ्याला १,००० रुपयांपर्यंत भुर्दंड बसू शकतो.

यानंतर येतं ते कलम १४, ज्याच्याबद्दल फार कमी जोडप्यांना कुणी सांगतं. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर नोटीस बाद. समजा ३ जूनला नोटीस दिली आणि त्याच दिवशी ती फलकावर लागली. ३ जुलैला ३० दिवस भरतात. ३ सप्टेंबरला तीन महिने संपतात. हातात उरतात दोन महिने. शेवटच्या दिवशी कुणी हरकत घेतली तर चौकशीत त्यातला एक महिना जातो. राहिलेल्या महिन्यात साहेबांची रजा, प्रशिक्षण, सणांच्या सुट्ट्या आणि चार-पाच वेळा ‘उद्या या’. मग पुन्हा नवी नोटीस, आणि काचेमागच्या त्या फलकावर दोघांची नावं, वय, पत्ते पुन्हा ३० दिवस. आंतरधर्मीय जोडप्यासाठी हेच दिवस सगळ्यात जोखमीचे असतात. कार्यालयातल्या माणसाला आपण फक्त एक फाईल थोडी मागे ठेवली असं वाटतं. बाहेर मात्र दोन जिवांचा धोका महिनाभराने वाढलेला असतो.

आता या कायद्यातली पोकळी. कलम ४६ विवाह अधिकाऱ्याला शिक्षा सांगतं: नोटीस न लावता, ३० दिवस पुरे व्हायच्या आत किंवा कायद्याचं उल्लंघन करून जाणूनबुजून लग्न लावलं, तर एक वर्षापर्यंत साधी कैद, ५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. चुकीने लग्न लावण्याला शिक्षा आहे. न लावण्याला, नोटीस न स्वीकारण्याला, ताटकळत ठेवण्याला या कायद्यात काहीच शिक्षा नाही. कलम ८ खालचं जिल्हा न्यायालयातलं अपीलही हरकत मान्य करून लेखी नकार दिला तरच लागू पडतं. नोटीसच घेतली नाही तर अपील करायला आदेश कुठून आणणार? अधिकाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर काम न करणं सुरक्षित आणि करणं जोखमीचं, अशी ही रचना आहे. मनात आकस नसलेला अधिकारीसुद्धा मग ‘कशाला अंगावर घ्या’ म्हणून टाळाटाळ करतो. आणि ज्याच्या मनात आकस आहे त्याला तो बोलून दाखवायची गरजच उरत नाही.

बऱ्याच अधिकाऱ्यांची अडचण एका गैरसमजातून येते. त्यांना वाटतं, हे लग्न मी लावतोय, त्याला माझा आशीर्वाद लागतोय. कलम १२ वाचलं तर चित्र वेगळं दिसतं. विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्यासमोर वर आणि वधू एकमेकांना, दोघांना समजेल अशा कोणत्याही भाषेत, मी तुझा पती म्हणून किंवा पत्नी म्हणून स्वीकार करतो/करते असं म्हणतात. ते वाक्य उच्चारलं की लग्न पूर्ण. अधिकारी मंत्र म्हणत नाही, अक्षता टाकत नाही, निकाह पढवत नाही. तो ऐकतो, प्रमाणपत्र नोंदवतो, सही करतो. त्याची सही ‘हे माझ्यासमोर झालं’ एवढंच सांगते. जन्मनोंद करणारा कारकून त्या बाळाच्या आईवडिलांच्या नात्याला मान्यता देत नसतो, तसंच हे.

खिडकीवर अडलात तर काय करायचं, ते आता क्रमाने.

पहिली गोष्ट, कागद परत हातात घेऊन निघू नका. पूर्ण भरलेली नोटीस, जोडपत्रं आणि एका पानाचा अर्ज असा संच दोन प्रतींत करा आणि आवक-जावक टेबलावर द्या. दुसऱ्या प्रतीवर गोल शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्या. ही पोच मिळेपर्यंत कायद्याच्या दृष्टीने तुम्ही त्या कार्यालयात गेलेलाच नसता. पोच द्यायला नकार दिला तर त्याच दिवशी तोच संच स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. अर्जात भांडणाची भाषा नको. ‘आज अमुक वाजता नोटीस सादर केली, अमुक कागद कमी असल्याचं तोंडी सांगण्यात आलं. तो कोणत्या कलमानुसार किंवा परिपत्रकानुसार आवश्यक आहे ते लेखी कळवावं,’ एवढं पुरे. अनेक बनावट त्रुटी या एका वाक्याने गळून पडतात, कारण त्या लिहायच्या झाल्या तर खाली सही करावी लागते.

उत्तर आलं नाही तर दप्तर दिरंगाईचा कायदा आहे. २००५ च्या या राज्य कायद्यानुसार कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाईल सात कामकाजी दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये, आणि हेतुपुरस्सर विलंब हे शिस्तभंगाच्या कारवाईला कारण ठरतं. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदाही बघा. कार्यालयात अधिसूचित सेवांचा फलक लावणं बंधनकारक आहे. त्यावर सेवा, मुदत, पदनिर्देशित अधिकारी आणि अपिलीय अधिकारी लिहिलेले असतात. तुमची सेवा त्यावर असेल तर अर्ज फेटाळताना कारणं लेखी द्यावी लागतात. मुदत उलटली की पहिलं अपील, मग दुसरं, मग राज्य लोकसेवा हक्क आयोग. दंड ५०० ते ५,००० रुपये. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातल्या विवाह नोंदणीत, म्हणजे झालेल्या लग्नाच्या नोंदीत कुणी अडवलं तर हा मार्ग विशेष उपयोगी पडतो.

सोबत माहिती अधिकाराचा अर्ज टाका. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. ‘माझी नोटीस का घेतली नाही’ असं विचारू नका; ‘का’ला माहिती अधिकारात उत्तर मिळत नाही. ‘विशेष विवाह कायद्याखाली नोटीस स्वीकारताना पालकांची उपस्थिती आवश्यक ठरवणाऱ्या परिपत्रकाची प्रत द्यावी’ असं मागा. असं परिपत्रक उपलब्ध नसल्याचं लेखी उत्तर आलं, की तोच तुमचा उच्च न्यायालयातला पुरावा.

उच्च न्यायालय, कारण अनुच्छेद २२६ खालचा परमादेश, म्हणजे ‘तुझं कायदेशीर कर्तव्य कर’ असा आदेश, हाच अशा अधिकाऱ्याविरुद्धचा खरा उपाय आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं, पण त्यात कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग येतात. पुण्याला अजून मुंबईच. भारतीय न्याय संहितेच्या कलम १९८ खाली, एखाद्याला हानी पोचवण्याच्या हेतूने कायद्याची अवज्ञा करणाऱ्या लोकसेवकावर गुन्हाही होऊ शकतो. मात्र तो हेतू सिद्ध करणं फार अवघड, म्हणून त्यावर भिस्त ठेवू नये. कलम १४ चं घड्याळ चालू असताना याचिकेत एक मागणी आवर्जून घाला: टाळाटाळीत गेलेल्या दिवसांमुळे आमची नोटीस बाद धरू नये.

याच रोगाची दुसरी जागा सरकारी दवाखान्यात आहे. गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यात डॉक्टरला श्रद्धेच्या कारणाने सूट देणारं कलम नाही. उलट वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत स्पष्ट लिहिलंय की वैद्यकीय गरज असताना नसबंदी, संततिनियमन, सुंता आणि गर्भपात यांत केवळ धार्मिक कारणावरून डॉक्टरने मदत नाकारू नये. अपवाद फक्त स्वतःला ते काम करण्याची क्षमता नाही असं वाटलं तर. (२०२३ ची नवी नियमावली स्थगित झाल्यामुळे २००२ चीच चालू आहे.) तिथेही उघड नकार क्वचित येतो. येतं ते ‘नवऱ्याची सही आणा’. सज्ञान स्त्रीच्या बाबतीत कायद्याला फक्त तिची स्वतःची संमती लागते, ‘क’ नमुन्यातली. नवऱ्याची सही कुठेच मागितलेली नाही. आणि इथे घड्याळ लग्नाच्या नोटिशीहून कठोर आहे. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. त्यानंतर २४ पर्यंत ठरावीक परिस्थितीतच आणि दोन डॉक्टरांच्या मताने. १९ व्या आठवड्यात आलेल्या बाईला ‘पुढच्या सोमवारी या’ म्हणणं म्हणजे तिच्यापुढचा रस्ता बंद करणं आहे.

मग कर्मचाऱ्याला सदसद्विवेक नाहीच का? आहे, आणि त्यासाठी मी तितक्याच ठामपणे उभं राहीन. फक्त आधी विचारायचं: नकाराने कुणाचं काम अडतंय? नाशिकच्या एका शिक्षकाने शाळेतल्या प्रार्थनेच्या वेळी हात जोडायला नकार दिला. ते बौद्ध विचार मानणारे. शाळेने त्यांची वेतनश्रेणी अडवली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये शिक्षकांच्या बाजूने निकाल दिला, आणि तो योग्यच होता. त्यांच्या हात न जोडण्याने एकाही मुलाचा एकही तास बुडाला नव्हता. केरळमधल्या तीन मुलांचं प्रकरणही याच जातीचं. राष्ट्रगीताला आदराने उभं राहून फक्त गायला नकार दिल्याबद्दल शाळेने त्यांना काढलं होतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये त्यांना परत घ्यायला लावलं. कार्यालयातल्या खंडेनवमीच्या पूजेला, सत्यनारायणाला कुणी हात जोडले नाहीत तर त्याच्या गोपनीय अहवालात एक शब्दही येता कामा नये. पण पालखीच्या किंवा विसर्जनाच्या रात्रीचा बंदोबस्त, ईदच्या नमाजाबाहेरची ड्युटी ही पूजा नव्हे. ती रस्त्यावरच्या माणसांची सुरक्षा आहे. पुण्यातले सगळ्या धर्मांचे पोलीस ती वर्षानुवर्षं करत आले आहेत.

सैन्याचं उदाहरण इथे हमखास दिलं जातं. रेजिमेंटच्या धर्मस्थळात गाभाऱ्यापर्यंत जायला नकार देणाऱ्या एका ख्रिस्ती अधिकाऱ्याला २०२१ मध्ये बडतर्फ केलं. दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये ते कायम ठेवलं. सैन्यदलांचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार अनुच्छेद ३३ संसदेला देतो, त्यामुळे तिथल्या शिस्तीचं माप वेगळं आहे. ते महापालिकेच्या कारकुनाला लावू नये. ना त्याच्याकडून पूजा करवून घेण्यासाठी, ना त्याला नोकरीतून घालवण्यासाठी. अनुच्छेद २५ मात्र सगळ्यांना सारखाच: सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य आहे, पण सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि इतरांच्या मूलभूत हक्कांच्या अधीन राहून.

आणि महाराष्ट्रात ‘धर्म आड येतो’ हे वाक्य सरकारी कार्यालयाच्या संदर्भात ऐकताना इतिहास आठवलाच पाहिजे. १९१७ मध्ये बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा शिपाई त्यांच्या टेबलावर लांबूनच फायली टाकत. स्पर्श झाला तर आपण विटाळू, ही त्या शिपायांची प्रामाणिक धर्मश्रद्धा होती. प्रामाणिकपणाबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. पण ती श्रद्धा पुरी होत होती ती परदेशात शिकून आलेल्या एका अधिकाऱ्याच्या अपमानातून. अनुच्छेद १७ ने ती श्रद्धा पाळण्याचा रस्ता कायमचा बंद केला, तिचा खरेपणा तपासत न बसता.

ज्यांना खरोखर अडचण आहे अशा कर्मचाऱ्यांसाठी आणि त्यांच्या वरिष्ठांसाठी बाहेरच्या तीन गोष्टी उपयोगाच्या आहेत. लंडनच्या इझलिंग्टन भागातल्या विवाह निबंधक महिलेने २००५ पासून समलिंगी जोडप्यांच्या नोंदणीची कामं सहकाऱ्यांशी आपसात बदलून घेतली. दोन सहकाऱ्यांनीच तक्रार केली, की तिचा हा नकार म्हणजे भेदभाव आहे. २०१३ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत जाऊनही ती हरली. आपसातली अदलाबदल हा तोडगा नाही. वरिष्ठांचा लेखी आदेश हवा. अमेरिकेतल्या केंटकीत रोवन काउंटीच्या क्लार्क किम डेव्हिस यांनी समलिंगी जोडप्यांना परवाना द्यावा लागू नये म्हणून २०१५ मध्ये सगळ्यांनाच विवाह परवाने देणं बंद केलं, हाताखालच्यांनाही देऊ दिले नाहीत, आणि न्यायालयाच्या अवमानाबद्दल तुरुंगात गेल्या. खरी अडचण परवान्यावर छापलेल्या त्यांच्या नावाची होती. पुढच्या वर्षी राज्याने तो नमुनाच बदलून क्लार्कचं नाव काढून टाकलं. नेमकी कोणती कृती टोचते ते पाहून नमुना आधीच बदलला असता तर इतकं घडायची गरज नव्हती. दक्षिण आफ्रिकेने समलिंगी विवाहाला मान्यता देणाऱ्या २००६ च्या कायद्यात अधिकाऱ्यांना लेखी हरकत नोंदवून सूट घ्यायची मुभा दिली. इतक्या जणांनी ती घेतली की काही कार्यालयांत अशा जोडप्यांचं लग्न लावायला माणूसच उरला नाही. २०२० मध्ये ती मुभा रद्द झाली.

हे गणित आपल्या कार्यालयांना तर फारच लागू आहे. दोन अधिकारी असलेल्या ठिकाणी एकाला सूट दिली आणि दुसरा रजेवर गेला की खिडकी बंद. एकच अधिकारी असलेल्या ठिकाणी सूट देताच येत नाही. तिथे उपाय बदलीचा. गावात ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) एकटाच विवाहनोंद करतो, तेव्हा त्याची अडचण खरी असली तरी नोंद त्यानेच करायची आणि बदलीचा अर्ज वेगळा द्यायचा. सूट द्यायची झाली तर कार्यालयप्रमुखाच्या आदेशात पर्यायी अधिकाऱ्याचं नाव असावं, तो रजेवर असेल तेव्हाचा दुसरा पर्याय असावा, आणि दोघंही नसतील त्या दिवशी मूळ अधिकारीच काम करील हे स्पष्ट लिहिलेलं असावं. नागरिकाला यातलं काही कळता कामा नये. त्याने त्याच खिडकीवर यावं, तेवढ्याच वेळात काम होऊन जावं. ‘त्या साहेबांना तुमच्यासारख्यांचं चालत नाही, इकडे बसा’ असं ऐकावं लागणं हाच मुळात अपमान आहे. सूट सगळ्या प्रकारच्या कामाला सारखी लागावी. फक्त एका धर्माच्या किंवा जातीच्या माणसांपुरती मागितली असेल तर तो भेदभाव आहे, आणि तिथे महाराष्ट्र नागरी सेवा शिस्त व अपील नियमांप्रमाणे चौकशीच व्हायला हवी.

कर्मचाऱ्याने अर्ज करावा तो पहिली फाईल समोर येण्याआधी. ती आल्यावर नव्हे. मजकूर साधा असावा: ‘मला अमुक कामातील अमुक कृती करण्यास माझ्या श्रद्धेमुळे अडचण आहे. या कामासाठी पर्यायी नेमणूक करावी किंवा माझी अन्य शाखेत बदली करावी, ही विनंती. तसा लेखी आदेश होईपर्यंत मी हे काम विनाविलंब करत राहीन.’ शेवटचं वाक्य नसेल तर वरिष्ठांनी तो अर्ज स्वीकारू नये, दुरुस्त करून आणायला सांगावं.